आपल्या घड्याळासोबत मिळणारी कागदी पट्टी कशी वाचावी

आमच्याकडे चावीचे किंवा ऑटोमॅटिक मनगटी घड्याळ दुरुस्तीला दिल्यावर ते परत नेताना त्यासोबत ठिपक्यांच्या रेघा उमटलेली एक अरुंद कागदी पट्टी आम्ही देतो. ही पट्टी म्हणजे काय आणि ती कशावर तयार होते, असे बरेच ग्राहक विचारतात, म्हणून हे माहितीपत्रक काढले आहे.

घड्याळाची चाल तपासण्याची एके काळची पद्धत म्हणजे आकाशवाणीच्या वेळेशी ते लावायचे आणि चोवीस तासांनी फरक पाहायचा. या पद्धतीत फरक किती, एवढेच कळते. तो का पडला, हे कळत नाही. घड्याळाचा प्रत्येक ठोका कागदावर नोंदवणारी यंत्रे आली आणि ही अडचण दूर झाली. अमेरिकेतील वॉचमास्टर आणि स्वित्झर्लंडमधील व्हायब्रोग्राफ ही त्यांपैकी नावाजलेली यंत्रे होत. आमच्या रविवार कारंज्याजवळील दुकानात याच प्रकारचे जुने, व्हॉल्व्हवर (जुन्या रेडिओत असत तशा काचेच्या नळ्यांवर) चालणारे यंत्र आहे. सुरू केल्यावर ते नीट तापेपर्यंत आम्ही त्यावर कोणतेही घड्याळ लावत नाही, त्यामुळे सकाळी दुकान उघडताच आलेल्या ग्राहकांना थोडे थांबावे लागते.

यंत्राच्या चिमट्यात घड्याळ धरले की त्याची टिकटिक मायक्रोफोन टिपतो. यंत्रात क्वार्ट्झ स्फटिकाच्या कंपनांनी गती बांधून दिलेला एक दंडगोल फिरत असतो आणि त्यावर स्क्रूच्या आट्यासारखी उंच कड असते. ठोका पडताच एक छोटी दांडी शाईच्या फितीवर आपटते आणि त्या क्षणी कड जिथे असेल तिथे कागदावर ठिपका उमटतो. एचएमटी जनतासारखे घड्याळ तासाला १८,००० म्हणजे सेकंदाला ५ ठोके देते. दिवसाचे ते ४,३२,००० होतात. असे घड्याळ दिवसाला १० सेकंद पुढे पळत असेल, तर प्रत्येक ठोका सेकंदाच्या एक लाख भागांपैकी जेमतेम सव्वादोन भाग लवकर पडत असतो. कानाला कधीही न जाणवणारा हा फरक ठिपक्यांची रेघ तिरकी होऊन अर्ध्या मिनिटात डोळ्यांना दिसतो.

रेघ कागदाच्या कडेला समांतर असेल तर चाल बरोबर आहे. आमच्या यंत्रावर ती उजवीकडे कलली तर घड्याळ पुढे पळते आणि डावीकडे कलली तर मागे पडते. रेघ नागमोडी असेल तर बहुधा एखाद्या चक्राच्या दातात दोष असतो, आणि ठिपके विखुरलेले असतील तर आत मळ साचलेला असतो किंवा तेल सुकलेले असते. एकाऐवजी दोन समांतर रेघा दिसल्या तर 'टिक' आणि 'टक' यांच्यामधले अंतर सारखे नाही, असे समजावे. असे घड्याळ वेळ बरोबर दाखवू शकते, पण बंद पडल्यावर नुसती चावी देऊन ते लगेच सुरू होत नाही, हलवावे लागते. पुष्कळ जुन्या घड्याळांत हा दोष काढायचा म्हणजे हेअरस्प्रिंग (केसासारखी बारीक, वेटोळी स्प्रिंग) बॅलन्सच्या, म्हणजे मागेपुढे झुलणाऱ्या चक्राच्या, दांड्यावर केसभर फिरवावी लागते. हे काम नाजूक आहे. त्याची घाई कृपया करू नये.

घड्याळ अचानक दिवसाला काही मिनिटे पुढे जाऊ लागले, तर ते बहुधा चुंबकित झालेले असते. स्पीकरजवळ किंवा चुंबकाची कडी असलेल्या पर्सजवळ राहिल्याने हेअरस्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग जणू आखूड होते आणि बॅलन्स जलद झुलू लागतो. हा दोष काही मिनिटांत निघतो. त्यासाठी घड्याळ पूर्ण खोलावे लागेल असे कोणी सांगितले, तर आधी यंत्रावर कागदी पट्टी काढून घ्यावी.

एका पट्टीवर मात्र आम्ही निकाल देत नाही. डायल वर, डायल खाली आणि चावी वेगवेगळ्या दिशांना अशा पाच स्थितींत आम्ही घड्याळ तपासतो, कारण टेबलावर आडवे असताना उत्तम चालणारे घड्याळ मनगटावर उभे झाले की बॅलन्सच्या टोकांवरचे घर्षण वाढून त्याची चाल बदलू शकते. पूर्ण चावी दिल्यावर आणि त्यानंतर चोवीस तासांनी, असे दोन वेळा आम्ही हे मोजमाप घेतो. बॅलन्स किती अंश झुलतो, हा आकडा आमचे यंत्र देत नाही. तो अंदाज आम्ही भिंग लावून डोळ्यांनी घेतो आणि पट्टीच्या मागे पेन्सिलीने लिहितो.

वडिलांचे किंवा आजोबांचे घड्याळ असेल, तर ते दिवसाला शून्य सेकंदांवर आणण्याचा आग्रह धरू नये, अशी आमची मनापासून विनंती आहे. पाचही स्थितींत रेघा एकमेकींच्या जवळ असणे हे त्याच्या प्रकृतीचे खरे लक्षण आहे, आणि थोडा सारखा कल रेग्युलेटर (चाल कमीजास्त करणारी आतली छोटी कळ) हलवून काढता येतो. प्रत्येक पट्टीवर तारीख आणि स्थिती लिहिलेली असते. ती घड्याळाच्या डबीत जपून ठेवावी आणि पुढच्या सर्व्हिसिंगला येताना सोबत आणावी, म्हणजे नवी पट्टी तिच्या शेजारी ठेवून मधल्या काळात काय बदलले ते आपल्याला समोरच दाखवता येईल.