औषधांनी येणारा बहिरेपणा आणि हळद

काही औषधं जीव वाचवतात पण जाताना कान घेऊन जातात. टीबीवर पूर्वी सर्रास दिली जाणारी स्ट्रेप्टोमायसिन, कानामायसिन ही इंजेक्शनं, जेन्टामायसिन, अमिकासिन ही अँटिबायोटिक्स, शिवाय कॅन्सरच्या किमोतलं सिस्प्लॅटिन. आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखा भाग असतो, त्यात साधारण १५ हजार केसपेशी असतात, आवाजाची थरथर त्याच पकडतात. औषध तिथं पोचलं की पेशीत घातक ऑक्सिजन कण वाढतात आणि पेशी मरते, आणि माणसात ती परत उगवत नाही. सुरुवात उंच पट्टीच्या आवाजापासून होते, त्यामुळे घरच्यांच्या लवकर लक्षातच येत नाही, माणूस बोलतो चालतो पण सात म्हटलं की हात ऐकतो, कानात गुंई वाजत राहतं.

हे घातक कण शमवायला वनस्पतींमधली द्रव्यं चालतील का, हा संशोधनाचा विषय. जिन्को या झाडाचा अर्क, द्राक्षाच्या सालीतलं रेस्वेराट्रॉल (तासगावची द्राक्षं आठवली ना) आणि आपल्या सांगलीच्या हळदीतलं कर्क्युमिन. मार्केट यार्डात सौद्याला हळकुंड मोडून आतला केशरी रंग बघतात, तो रंग याच कर्क्युमिनचा. सांगलीच्या हळदीला २०१८ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं. सिस्प्लॅटिन दिलेल्या उंदरांना कर्क्युमिन दिलं तर ऐकणं कमी बिघडलं, हे प्रयोगात दिसलंय.

पण उंदीर म्हणजे पेशंट नव्हे. हळदीत कर्क्युमिन जेमतेम ३ टक्क्यांच्या आसपास, ते पाण्यात विरघळत नाही आणि पोटातून रक्तात फार थोडं जातं. मिरीतल्या पायपरिनसोबत दिलं तर शोषण २० पट वाढतं असं १९९८ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवलं, मात्र पायपरिन बाकीच्या गोळ्यांचंही रक्तातलं प्रमाण बदलू शकतं, आणि किमो चालू असताना असं काही घेतलं तर कॅन्सरच्या पेशींनाही संरक्षण मिळेल ही भीती आहेच. म्हणून भाजीतली हळद खुशाल खा, पण कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, आणि कानाच्या धास्तीनं टीबीचं औषध स्वतःहून तर अजिबात बंद करू नका. सिस्प्लॅटिन घेणाऱ्या काही मुलांचे कान वाचवण्यासाठी अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळाली ती सोडियम थायोसल्फेट या रसायनाला, ते झाडपाल्याचं नाही.

कानाची साधी तपासणी ८००० हर्ट्झपर्यंतच (हर्ट्झ म्हणजे आवाजाच्या पट्टीचं माप) जाते, नुकसान त्याच्या वर सुरू होतं, त्यामुळे तपासणी ‘हाय फ्रिक्वेन्सी’, म्हणजे त्याहून उंच पट्टीची, असं सांगून करून घ्यायची, तीही पहिल्या डोसच्या आधी, कारण नंतर ताडून बघायला जुना रिपोर्ट हातात लागतो.