२६ तारखेच्या आपत्ती आणि जोड्यांचं गणित

दरवर्षी नोव्हेंबर सरत आला की तोच संदेश व्हॉट्सॲपवर पुन्हा फिरायला लागतो. भुजचा भूकंप २६ जानेवारी २००१. हिंदी महासागरातली त्सुनामी २६ डिसेंबर २००४. मुंबईचा महापूर २६ जुलै २००५. मुंबईवरचा दहशतवादी हल्ला २६ नोव्हेंबर २००८. शेवटी हिशेब मांडलेला असतो: दोन आणि सहा मिळून आठ, आठ हा शनीचा अंक, तेव्हा या तारखेला शुभकार्य टाळा. शिकलीसवरलेली माणसंही हा संदेश पुढे धाडतात आणि सोबत लिहितात, ‘विश्वास नाही, पण विचार करायला लावतं.’ तर विचार करूच या.

यादीतल्या तारखा खऱ्या आहेत, आणि ती वाढवताही येते. इराणमधलं बाम शहर भूकंपात जमीनदोस्त झालं २६ डिसेंबर २००३ ला, त्सुनामीच्या बरोबर एक वर्ष आधी. तेव्हाच्या युगोस्लाव्हियातलं स्कोप्ये शहर भूकंपाने हादरलं २६ जुलै १९६३ ला, म्हणजे मुंबईच्या महापुराच्याच तारखेला. क्राकाटोआ ज्वालामुखीचा १८८३ मधला महास्फोट २६ ऑगस्टला सुरू झाला. सात घटना, एकच तारीख.

आता दुसरी यादी पाहा. पानशेतचं धरण फुटलं १२ जुलै १९६१ ला, मुंबईतले साखळी बाँबस्फोट झाले १२ मार्च १९९३ ला. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, लोकल गाड्यांमधले स्फोट ११ जुलै २००६ चे. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ चा, माळीणची दरड ३० जुलै २०१४ ची. महाराष्ट्राच्या सहा मोठ्या जखमा आणि तारखांच्या तीन जोड्या. मग शापित तारीख कोणती? ११, १२ की ३०? या घटना मी जोड्या जमतील अशाच निवडल्या, हे उघड आहे. पण जोड्या जमल्या, आणि फार शोधावंही लागलं नाही. फार शोधावं का लागत नाही, यामागचं गणित मला अतिशय आवडतं, म्हणून त्यावर जरा रेंगाळतो.

महिन्यात साधारण ३० तारखा. सात घटना घेतल्या तर आपलं मन म्हणतं, तिसात सात म्हणजे भरपूर मोकळी जागा, एकावर एक येण्याचं कारण नाही. मन इथे घटना मोजतं. मोजायला हव्यात जोड्या. पहिल्या घटनेची उरलेल्या सहांशी जोडी होऊ शकते, दुसरीची पुढच्या पाचांशी, असं करत सात घटनांच्या २१ जोड्या होतात, आणि प्रत्येक जोडीला तारीख जुळण्याची तिसात एक संधी असते. नेमकं उत्तर काढायचं तर उलट बाजूने जावं लागतं. एकही तारीख न जुळण्याची शक्यता म्हणजे २९/३० गुणिले २८/३० गुणिले २७/३०, असं २४/३० पर्यंत. हा गुणाकार येतो ०.४७. म्हणजे निव्वळ योगायोगाने सात घटनांत किमान एक जोडी जुळण्याची शक्यता ५३ टक्के आहे. घटना १२ घेतल्या तर जोड्या होतात ६६ आणि शक्यता जाते ९२ टक्क्यांवर. महिन्यासकट पूर्ण तारीख जुळायला हवी असा आग्रह धरला, तरी ३६५ दिवसांसाठी फक्त २३ घटना पुरतात, तिथेही शक्यता निम्म्याच्या वर जाते. पन्नास मुलांच्या वर्गात दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी निघतो तो याच हिशेबाने.

दोन घटनांचं ठीक आहे, पण एकाच तारखेला चार-पाच घटना? त्यासाठी मोठ्या ताटात ३० चौकोन आखा आणि डोळे मिटून ६० ज्वारीचे दाणे टाका. सरासरी चौकोनाला दोन दाणे. पण प्रत्येक चौकोनात दोनच दाणे पडले, असं कधी होत नाही. किती चौकोनांत किती दाणे पडतील याचं सूत्र फ्रेंच गणिती पॉयसाँ याने १८३७ मध्ये दिलं. ई ही गणितातली संख्या, किंमत सुमारे २.७१८. सरासरी दोन असेल तर ई चा उणे दोन हा घात काढायचा: ०.१३५. चौकोन रिकामा राहण्याची ही शक्यता. एक दाणा असण्याची शक्यता हवी तर तिला दोनने गुणून एकने भागायचं, मिळतात ०.२७१. त्या आकड्याला पुन्हा दोनने गुणून दोनने भागलं की दोन दाण्यांची शक्यता, पुढे दोनने गुणून तीनने, मग चारने, असं चालू ठेवायचं. या सगळ्यांना ३० ने गुणलं की चित्र असं दिसतं: साधारण ४ चौकोन रिकामे, ८ मध्ये एक, ८ मध्ये दोन, ५ मध्ये तीन, ३ मध्ये चार, आणि उरलेल्या एक-दोन चौकोनांत पाच किंवा त्याहून जास्त. म्हणजे ६० मोठ्या आपत्ती कोणत्याही क्रमाने, कोणत्याही कारणाने घडल्या आणि तारखांशी त्यांचा काहीच संबंध नसला, तरी एका तरी तारखेच्या वाट्याला पाच किंवा त्याहून जास्त येण्याची शक्यता साधारण सहापैकी पाच वेळा असते. गेल्या दीडशे वर्षांतल्या जगभरच्या आपत्ती साठाच्या कितीतरी पट आहेत. त्यातून २६ तारखेच्या सात निघाल्या यात नवल नाही, एकही निघाली नसती तर ते नवल झालं असतं.

हे सूत्र एकदा फार गंभीर प्रसंगी कसाला लागलं आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीच्या व्ही-१ या उडत्या बाँबचा लंडनवर मारा झाला, तेव्हा काही भागांत ते पुन्हापुन्हा पडताहेत असं लोकांना वाटू लागलं. शत्रू नेम धरून मारतोय का, हा प्रश्न जिवावरचा होता. विमा क्षेत्रातले गणिती आर. डी. क्लार्क यांनी दक्षिण लंडनच्या १४४ चौरस किलोमीटर भागाचे ५७६ सारखे चौकोन पाडले आणि त्यांत पडलेले ५३७ बाँब मोजले. एकही बाँब न पडलेले चौकोन निघाले २२९, पॉयसाँच्या सूत्राप्रमाणे यायला हवे होते २२७. एक बाँब पडलेले २११, सूत्रही २११ च सांगत होतं. दोनांचे ९३ विरुद्ध ९९, तीनांचे ३५ विरुद्ध ३१, चारांचे ७ विरुद्ध ७. निष्कर्ष १९४६ मध्ये छापून आला: त्या भागात बाँब कुठेही पडत होते, घोळके आपोआप तयार होत होते. हे आकडे मी जेव्हा जेव्हा पाहतो तेव्हा थक्क होतो. यदृच्छेला स्वतःचा एक आकार असतो आणि तो कागदावर आधी काढून ठेवता येतो.

मुळात ‘तारीख’ ही वस्तू तरी किती पक्की आहे? किल्लारीचा भूकंप झाला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी. गणपती विसर्जनाहून परतलेली गावं झोपेत होती. आपल्यासाठी तो दिवस ३० सप्टेंबर. पण जगभरची भूकंपकेंद्रं जागतिक प्रमाणवेळेने नोंद करतात, ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. त्या नोंदीत किल्लारीचा भूकंप २९ सप्टेंबरचा आहे. कोयनेचा भूकंपही पहाटे ४ वाजून २१ मिनिटांचा, म्हणून तो तिथे १० डिसेंबरचा. मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत भारतात जे जे घडतं, त्या सगळ्याची तारीख अशी एक दिवस मागे सरकते. त्सुनामी आणणारा भूकंप झाला तेव्हा न्यूयॉर्कमध्ये २५ डिसेंबरची संध्याकाळ होती. महापुराच्या वेळी मुंबईत सांताक्रूझला पडलेला ९४४ मिलिमीटर पाऊस हा २७ जुलैच्या सकाळी साडेआठला संपलेल्या २४ तासांचा आकडा आहे, कारण हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला बदलतो. क्राकाटोआचे सर्वांत भीषण स्फोट २७ ऑगस्टचे. मुंबईवरचा हल्ला २६ च्या रात्री सुरू झाला आणि २९ च्या सकाळी संपला. घटना ओळखायची तिच्या सुरुवातीवरून, शेवटावरून की शिखरावरून, हे आपण ठरवतो, आणि यादी करणारा प्रत्येक वेळी सोयीचं ते ठरवतो.

पंचांगाने मोजलं तर २६ चा धागाच उरत नाही. त्सुनामीच्या दिवशी पौर्णिमा होती, मुंबईवर हल्ला झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी अमावास्या, भुजचा भूकंप अमावास्येनंतर दोन दिवसांनी, महापूर पौर्णिमेनंतर पाच दिवसांनी. शनीला आकाशात साडेएकोणतीस वर्षांची फेरी पूर्ण करायची असते. रोमन काळापासून चालत आलेल्या आणि १५८२ मध्ये पोप ग्रेगरी यांच्या आज्ञेने दुरुस्त झालेल्या कॅलेंडरातल्या अंकांची बेरीज त्या ग्रहाला बांधलेली नाही. असल्या संदेशांनी लोकांचे पैसे जातात, ठरलेली कामं अडतात, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे मेलेल्यांच्या मृत्यूचं खरं कारण झाकलं जातं. भुजमध्ये माणसं कच्च्या बांधकामाखाली गेली. मुंबईत मिठी नदीचं पात्र बुजवलेलं होतं.

आता ज्या तारखेकडे खरोखर लक्ष द्यायला हवं, ती कुठल्याही संदेशात नसते: ३० जुलै. पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यातलं माळीण ३० जुलै २०१४ ला दरडीखाली गेलं. त्यानंतर बरोबर दहा वर्षांनी, ३० जुलै २०२४ ला, वायनाडमधली मुंडक्कई आणि चूरलमला ही गावं वाहून गेली. एकच तारीख, एकच डोंगररांग. तारीख तंतोतंत जुळली हा योगायोग, पण इतर दरडींच्या शेजारच्या तारखा पाहा. इर्शाळवाडी १९ जुलै २०२३. महाडजवळचं तळिये २२ जुलै २०२१. केरळातलं पेट्टिमुडी ६ ऑगस्ट २०२०, पुत्तुमला ८ ऑगस्ट २०१९. सहाही घटना वर्षाच्या २१ दिवसांत मावतात. महाड तालुक्यातल्या जुई आणि दासगावच्या दरडीही २००५ च्या जुलैअखेरच्याच, मुंबई बुडवणाऱ्या त्याच पावसातल्या.

सहा घटना वर्षभरात कुठेही पडू शकत असत्या, तर त्यांतल्या दोघींचा दिवस जुळण्याची शक्यता जेमतेम ४ टक्के. २१ दिवसांच्या खिडकीत त्या कोंडल्या की ती ५४ टक्के होते. ही खिडकी घटना पाहून आखलेली आहे, म्हणून ती सैल करून दीड महिन्याची धरली तरी २९ टक्के उरतात. जोड्यांचं गणित तेच, फक्त चौकोन कमी झाले. आणि चौकोन कमी करणारं कारण जमिनीत आहे.

उतारावरची माती तगून राहते ती मुख्यतः कणाकणांमधल्या घर्षणावर. कण एकमेकांवर जितके जोराने दाबलेले, तितकं घर्षण जास्त. जूनचा पाऊस तापलेली, तहानलेली माती पिऊन टाकते. जुलैच्या मध्यापर्यंत तिच्यातल्या पोकळ्या भरत येतात. मग दोन-तीन दिवसांत मुसळधार पाऊस झाला की पाण्याला निचरा व्हायला वेळ मिळत नाही, पोकळ्यांतल्या पाण्याचा दाब वाढतो आणि वरच्या थराचं काही ओझं ते पाणीच पेलू लागतं. कणांवरचा दाब तेवढा कमी होतो, घर्षण घटतं, त्याच वेळी भिजलेल्या मातीचं वजन वाढलेलं असतं. कार्ल टेरझागी यांनी १९२० च्या दशकात हे तत्त्व मांडलं आणि मृदा-यांत्रिकी हे शास्त्र त्यावर उभं राहिलं. उतार कापून सपाट केलेला असेल, झाडांची मुळं निघालेली असतील, पाण्याच्या वाटा बुजलेल्या असतील, तर हा क्षण लवकर येतो.

म्हणून दरडीचा अंदाज बांधताना दोन आकडे लागतात: मागच्या काही दिवसांत जमिनीत साचलेला पाऊस आणि चालू तासांतला पाऊस. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने जुलै २०२४ मध्ये कोलकात्याला राष्ट्रीय भूस्खलन पूर्वानुमान केंद्र सुरू केलं, ते याच पद्धतीच्या अंदाजांसाठी. पण घाटमाथ्यावरचा पाऊस एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात गेलं की बदलतो. मुंबईतच त्या २६ जुलैला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला, तर कुलाब्याला ७५ हूनही कमी. मग सह्याद्रीत तालुक्याच्या गावी एक पर्जन्यमापक ठेवून डोंगरातल्या वाडीवर किती पाणी कोसळतंय ते कसं कळणार? दर तासाला नोंद पाठवणारी स्वयंचलित पर्जन्यमापकं दरडप्रवण वाड्यांच्या वरच्या अंगाला बसवणं फार महाग नाही. आंबेगाव, महाड, खालापूर अशा तालुक्यांत ती जुलै उजाडायच्या आत बसायला हवीत.