रेसिडेन्सी चालू असताना अमेरिकन मिलिटरीकडून पैसे: एफएपीला कोण पात्र, कागद काय लागतात, अर्ज कसा होतो

माझी भाची न्यू जर्सीत इंटर्नल मेडिसिनची रेसिडेन्सी (मेडिकल स्कूलनंतरचं हॉस्पिटलमधलं पगारी प्रशिक्षण) करतेय, तिने एफएपीचा अर्ज भरला तेव्हा काही महिने आमच्या घरात दुसरा विषयच नव्हता. इथल्या मराठी घरांतली बरीच मुलं आता डॉक्टर होतायत, लोनचा डोंगर सगळ्यांच्याच डोक्यावर आहे, म्हणून जे कळलं ते सविस्तर लिहितेय.

एफएपी म्हणजे फायनान्शियल असिस्टन्स प्रोग्राम. आर्मी, नेव्ही, एअर फोर्स तिघांकडेही आहे. मेडिकल स्कूलची फी भरणारी एचपीएसपी स्कॉलरशिप वेगळी, ही रेसिडेन्टसाठी. आपल्या सिव्हिलियन हॉस्पिटलमध्येच शिकायचं, तिथला पगार चालू राहतो, आणि वर वर्षाला ४५,००० डॉलरपर्यंत ग्रँट नि दर महिन्याला दोन हजार डॉलरच्या वर स्टायपेंड. यावर टॅक्स लागतो, त्यामुळे हातात कमी येतात हे आधीच धरून चाला.

बदल्यात सर्व्हिस द्यायची. हिशोब असा की जितकी वर्षं पैसे घेतले तितकी वर्षं अधिक एक. तीन वर्षं घेतले तर चार वर्षं ॲक्टिव्ह ड्यूटी म्हणजे मिलिटरीत पूर्णवेळ नोकरी, आणि फक्त शेवटचं एकच वर्ष घेतलं तरी दोन वर्षं! म्हणजे ते जादाचं एक वर्ष सगळ्यांनाच द्यावं लागतं, उशिरा येणाऱ्याला ते जास्त महाग पडतं. त्यामुळे विचार पक्का असेल तर पहिल्या वर्षातच हालचाल करा. शिवाय दरवर्षी १४ दिवसांची ड्यूटी असते, ती प्रोग्राम डायरेक्टरच्या कानावर आधीच घाला, नाहीतर ऑन-कॉल ड्यूट्यांच्या शेड्यूलमध्ये गोंधळ होतो.

पात्रतेची पहिली अट अमेरिकन सिटिझनशिप. ग्रीन कार्ड चालत नाही, जे-१ किंवा एच-१बी व्हिसावर भारतातून आलेल्यांना तर हा रस्ता बंदच. रेसिडेन्सी मान्यताप्राप्त हवी, तब्येत मिलिटरीच्या निकषांत बसायला हवी, आणि कुठल्या स्पेशालिटीला जागा आहेत ते प्रत्येक सर्व्हिसच्या त्या वर्षीच्या गरजेवर ठरतं, तेव्हा एकीकडे नाही म्हणाले तर दुसरीकडे विचारा.

अर्ज मॉलमधल्या नेहमीच्या रिक्रूटरकडे (मिलिटरीच्या भरती अधिकाऱ्याकडे) होत नाही, हेल्थ प्रोफेशन्सचा रिक्रूटर वेगळा असतो, त्यालाच गाठायचं. मग मेडिकल तपासणी, मिलिटरीतल्या डॉक्टरशी इंटरव्ह्यू, नंतर फाइल निवड करणाऱ्या बोर्डापुढे जाते. निवड झाली की शपथ घेऊन रिझर्व्हमध्ये (राखीव दलात) ऑफिसर म्हणून कमिशन मिळतं. कागद म्हणाल तर जन्मदाखला किंवा नॅचरलायझेशन सर्टिफिकेट, पासपोर्ट, सोशल सिक्युरिटी कार्ड, मेडिकल स्कूलची डिग्री आणि ट्रान्सक्रिप्ट, यूएसएमएलई या डॉक्टरी लायसन्स परीक्षेचे स्कोअर, रेसिडेन्सीचं काँट्रॅक्ट, शिफारसपत्रं, सीव्ही.

पण आपल्या लोकांचा खरा वेळ जातो तो एसएफ-८६ मध्ये. हा सिक्युरिटी क्लिअरन्सचा फॉर्म. दहा वर्षांतले सगळे पत्ते, सात वर्षांतल्या परदेशवाऱ्या तारखांसकट, आईवडील, भावंडं, सासूसासरे यांचं नागरिकत्व, शिवाय परदेशात ज्यांच्याशी जवळचा संपर्क आहे ते सगळे. भाची डायनिंग टेबलवर जुने पासपोर्ट पसरून बसली होती, मुंबई एअरपोर्टचे पुसट शिक्के फोनच्या टॉर्चने वाचत होती आणि ताई पुण्याला फोन लावून विचारत होती की धाकट्याचं लग्न नक्की कुठल्या डिसेंबरात झालं. पुण्यातल्या फ्लॅटवर तिचं नाव लागलेलं तेही त्यात आलं, तिथलं बँक खातंही आलं. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना भारत सरकार देतं ते) असेल तर तेही सांगून टाका. भारतात नातेवाईक असणं हा काही गुन्हा नाही, पण लपवलेलं सापडलं तर फार महागात पडतं, म्हणून आठवेल ते सगळं लिहा.

आणखी एक, लोन पीएसएलएफमधून (सरकारी किंवा ना-नफा संस्थेत काम करत १२० हप्ते भरले की उरलेलं सरकारी शैक्षणिक कर्ज माफ करणारी योजना) माफ करून घ्यायचं ठरवलं असेल तर नीट हिशोब करा. ग्रँटमुळे उत्पन्न वाढलेलं दिसतं आणि उत्पन्नावर आधारित हप्ताही वाढतो. मात्र ॲक्टिव्ह ड्यूटीची वर्षं त्या १२० हप्त्यांत धरली जातात, ही जमेची बाजू.

काँट्रॅक्टवर सही करताना एकूण आठ वर्षांच्या बांधिलकीचं कलम वाचा, ॲक्टिव्ह ड्यूटी संपल्यावरची उरलेली वर्षं रिझर्व्हच्या यादीत नाव राहतं. आणि रिक्रूटर तोंडी जे सांगेल, पोस्टिंगचं असो की फेलोशिपचं, ते कागदावर नसेल तर धरून चालू नका.