सेनेका वन की सेनेका टू? ताकद तीच, उंची वेगळी

पायपरच्या जुन्या दोन इंजिनांच्या सेनेका विमानांत निवड करताना हमखास एक घोळ होतो: 'टू'ला टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) आहे, म्हणजे जोर जास्त. पण 'वन'चं साधं लायकमिंग घ्या की १९७५ साली आलेल्या 'टू'चं टर्बोवालं काँटिनेंटल, समुद्रसपाटीला प्रत्येक इंजिन २०० हॉर्सपॉवरचंच. फरक वर गेल्यावर कळतो. साधं इंजिन दर हजार फुटांना साधारण १ इंच मॅनिफोल्ड प्रेशर (इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब) गमावतं; १०,००० फुटांवर थ्रॉटल पूर्ण पुढे असला तरी काटा २० इंचांच्या आसपास. टर्बोची ताकद १२,००० फुटांपर्यंत टिकते.

आमच्या मते टर्बो घ्यायचं खरं कारण वेग नव्हे, एक इंजिन बंद पडल्यावरची उंची. पूर्ण वजनावर, एका इंजिनावर मिनिटाला ५० फूट चढ मिळण्याची मर्यादा 'वन'ला सुमारे ३,६५० फूट, 'टू'ला १३,४००. आता पुण्याचं लोहगाव घ्या. उंची १,९४२ फूट, एप्रिलची दुपार, तापमान ४० अंश. घनता-उंची, म्हणजे हवा विरळ झाल्याने विमानाला जाणवणारी उंची, ५,४०० फुटांच्या घरात जाते. म्हणजे धावपट्टी सोडायच्या आधीच 'वन'ची मर्यादा ओलांडलेली. तिथे इंजिन गेलं तर दुसरं इंजिन फक्त खाली येणं लांबवतं.

शिकवणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. साध्या इंजिनाची ताकद उंचीवर घटते, तशी व्हीएमसीही (एका इंजिनावर दिशा ताब्यात ठेवता येणारा किमान वेग) घटते आणि स्टॉलच्या, म्हणजे पंखांची उचल तुटण्याच्या, वेगाजवळ येते. एका इंजिनावरचा सराव तिथे फिरकीत जाऊ शकतो. टर्बोत व्हीएमसी वरही जवळपास तेवढीच राहते.

'टू'चं वेस्टगेट (टर्बोकडे जाणारा एक्झॉस्ट वायू बाजूला वळवणारी झडप) मात्र स्थिर आहे, स्वतःहून जुळवून घेत नाही. उड्डाणाला थ्रॉटल सरळ शेवटपर्यंत ढकलला की काटा ४० इंचांची लाल रेघ ओलांडतो. हळूहळू पुढे न्यायचा, ४०च्या थोडं आधी थांबायचं, काटा स्थिरावला की उरलेलं द्यायचं. चढताना प्रेशर उतरतं, पुन्हा भरावं लागतं. उतरताना थ्रॉटलला हात न लावताही ते वाढतं. वर गेलात तर ऑक्सिजनही लागतो: अमेरिकी नियमाने १२,५०० फुटांच्या वर अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ राहिल्यास वैमानिकाला तो सक्तीचा.

कोकणपट्टीत ८,००० फुटांखालीच उडायचं असेल, तर साधं इंजिन घ्या. त्याचा कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं) ८.७, टर्बोवाल्याचा ७.५; त्यामुळे खाली तेवढ्याच ताकदीला इंधन कमी जळतं आणि बिघडण्यासारखे भागही कमी.

टर्बोच घेणार असाल तर काउलिंग (इंजिनाचं झाकण) उघडून एक्झॉस्टचा व्ही-बँड क्लॅम्प (नळ्यांचा जोड आवळणारा पट्टा) आधी पाहा. स्पॉट-वेल्डजवळ केसाएवढी भेग दिसली तरी क्लॅम्प बदलायचा. तो सुटला तर तापलेला वायू थेट इंधनाच्या नळ्यांवर येतो आणि आग लागायला वेळ लागत नाही. नवा बसवताना नट टॉर्क रेंचने आवळा, क्लॅम्पभोवती रबरी हातोडीने हलके ठोका आणि पुन्हा टॉर्क तपासा. पहिल्या आवळण्यात तो नीट बसलेला नसतो.