बेरिंग्टन हॉल आणि तिथली भिंतीआडची बाग

बेरिंग्टन हॉल हा इंग्लंडमधल्या हेरफर्डशरचा, लेम्स्टर गावाच्या उत्तरेला असलेला जॉर्जियन वाडा. जॉर्जियन म्हणजे १७१४ ते १८३० या काळात ओळीने चार जॉर्ज राजे झाले त्यांच्या वेळचा. मालक थॉमस हार्ली लंडनचा बँकर, १७६७ मध्ये तिथला लॉर्ड मेयर, म्हणजे महापौर झाला, शिवाय अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात ब्रिटिश फौजेला पैसा पोचवायचं कंत्राट पण त्याच्याकडे, त्यामुळे हाताशी पैसा भरपूर. आजूबाजूचं सगळं लँडस्केप कॅपेबिलिटी ब्राउन या त्या काळच्या नावाजलेल्या बागरचनाकाराने आखलं, त्याच्या शेवटच्या कामांपैकी हे एक, आणि घर बांधलं त्याच्या जावयाने, हेन्री हॉलंडने, १७७८ ते १७८१ मध्ये.

बाहेरून लालसर दगडाचं अगदी साधं घर, समोर उंच खांब, बस. आत गेलं की जिन्यावर काचेचा घुमट आणि छतावर इतकी नाजूक नक्षी की मान दुखेपर्यंत बघत राहावं. स्वयंपाक, कपडे धुणं वगैरे कामं मागच्या चौकात, पाहुण्यांच्या नजरेआड.

पण खरी हुशारी बघायची तर बागेत. अशी भिंतबंद बाग म्हणजे वाड्याची परसबागच म्हणा, फळं-भाजी इथूनच यायची. उंच भिंतीने वारा अडतो, दक्षिणेकडे तोंड असलेली बाजू दिवसभर ऊन पिते आणि रात्री ती ऊब हळूहळू सोडते, म्हणून पीचसारखी नाजूक झाडं त्या भिंतीला सपाट पसरवून बांधायची. आपल्याला उन्हापासून झाडं वाचवायची सवय, तिथे ऊन साठवायची धडपड! अशा बागांना शक्यतो वीट वापरत, कारण ती लवकर तापते आणि फांद्या बांधायला चुन्याच्या सांध्यात खिळेही ठोकता येतात. बेरिंग्टनला ब्राउनने केलेली एक भिंत चक्क वळणदार आहे, नेहमीची चौकोनी नाही, असं फार कमी ठिकाणी दिसतं.

१९०१ मध्ये फ्रेडरिक कॉली यांनी ही इस्टेट विकत घेतली. त्यांचे तीन मुलगे पहिल्या महायुद्धात गेले, १९१४, १९१५ आणि १९१८, एकेक करत, एवढ्या मोठ्या घरात ते आईवडील कसे राहिले असतील कोण जाणे. १९५७ पासून घर नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आहे आणि हेरफर्डशरच्या जुन्या जातींची सफरचंदं बागेत अजून लागतात.