शेवाळ मारायची घाई नडते

पाण्याबद्दल शंका आली की आपण ते उकळतो. अमेरिकेतल्या टोलेडो शहरात २ ऑगस्ट २०१४ च्या पहाटे नेमकी उलटी सूचना निघाली: नळाचं पाणी पिऊ नका आणि उकळूही नका. सुमारे चार लाख लोकांना तीन दिवस बाटलीबंद पाण्यावर काढावे लागले.

शहराला पाणी येतं एरी सरोवरातून. शेतांतलं खत मॉमी नदीतून सरोवरात उतरतं, त्यातल्या फॉस्फरसवर उन्हाळ्यात मायक्रोसिस्टिस नावाचं नील-हरित शेवाळ माजतं. हे खरं तर शेवाळ नाहीच, जीवाणू आहेत. पेशींत हवेच्या सूक्ष्म पिशव्या असल्यामुळे ते वर तरंगतात आणि पाण्यावर हिरवा तवंग धरतो. त्यांचं विष म्हणजे मायक्रोसिस्टिन. ते यकृतावर घाला घालतं. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातली मर्यादा लिटरला १ मायक्रोग्रॅम, म्हणजे दहा लाख लिटरमध्ये एक ग्रॅम! उकळल्याने हे विष मोडत नाही, उलट पाणी आटलं की त्याचं प्रमाण वाढतं.

मुख्य अडचण अशी की यातलं बरंचसं विष जिवंत पेशीच्या आत कोंडलेलं असतं आणि पेशी फुटली की पाण्यात मिसळतं. ऑस्ट्रेलियातल्या पाम बेटावर १९७९ साली धरणात शेवाळ माजलं, पाण्याच्या चवीच्या तक्रारी आल्या, म्हणून मोरचूद टाकला गेला. काही दिवसांतच १४८ जणांना इस्पितळात दाखल करावं लागलं, त्यांतली १३८ मुलं. यकृताला सूज, उलट्या. तिथलं शेवाळ वेगळं, विषही वेगळं. पण मोरचुदाने पेशी फोडल्या आणि विष मोकळं झालं, असा उलगडा पुढे झाला.

त्यामुळे जलशुद्धीकरण केंद्रात क्रमाला फार महत्त्व. सुरुवातीलाच भरपूर क्लोरीन सोडण्याची सवय इथे अंगाशी येते. आधी तुरटीने पेशी अख्ख्याच्या अख्ख्या गोळा करून खाली बसवायच्या, नाहीतर हवेच्या बारीक बुडबुड्यांनी वर आणून काढून घ्यायच्या. खाली बसलेला गाळही लगेच उपसावा लागतो. टाकीत पडून राहिला तर पेशी मरतात आणि विष पुन्हा पाण्यात पाझरतं.

जे विष आधीच विरघळलेलं असतं, त्यासाठी सक्रिय कोळशाची भुकटी, तिच्या छिद्रांत विषाचे रेणू अडकतात. इथे कोळसा कशाचा, हेही बघावं लागतं. आपल्या घरच्या फिल्टरमध्ये बहुधा नारळाच्या करवंटीचा असतो, आणि वासाला-चवीला तो उत्तमच. पण त्याची छिद्रं अतिसूक्ष्म, मायक्रोसिस्टिनचा रेणू चांगलाच मोठा. लाकडाच्या कोळशाची छिद्रं तुलनेने मोठी, म्हणून या कामाला तो सरस.

उरलंसुरलं विष शेवटी क्लोरीन किंवा ओझोन मोडतो. क्लोरीनला मात्र पाणी फार अल्कधर्मी चालत नाही, सामू (पीएच) आठच्या खाली असला तर काम नीट होतं. आणि शेवाळ दिवसभर पाण्यातला कार्बन डायऑक्साइड खाऊन सामू वर चढवून ठेवतं. म्हणजे तोही आधी खाली आणायचा.

हा सगळा खर्च दर उन्हाळ्याचा. मूळ कारण नदीकाठच्या शेतांत आहे. पश्चिम एरीत येणारा फॉस्फरस २०२५ पर्यंत ४० टक्क्यांनी घटवायचं ओहायो, मिशिगन आणि कॅनडातल्या ऑन्टारियोने २०१५ मध्ये ठरवलं होतं. ते उद्दिष्ट काही गाठता आलं नाही.