‘इज’ लावू का ‘आर’?
इंग्रजी मजकूर टाईप करून घेणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

लातूरच्या आमच्या टायपिंगच्या दुकानात इंग्रजी मजकूर येतो तो बहुतेक नोकरीच्या अर्जांचा, कॉलेजच्या प्रोजेक्टचा नाहीतर बचत गटाच्या अहवालाचा. स्पेलिंग चुकलं की संगणक लाल रेघ ओढतो. पण कर्ता एकवचनी आणि क्रियापद अनेकवचनी झालं तर तो कैकदा गप्प बसतो, आणि चूक थेट साहेबांच्या टेबलावर जाते. म्हणून हे पत्रक.

आधी एक सांगतो. या चुका अडाणीपणाच्या नसतात. मराठी पक्की डोक्यात बसलेली असते, तिच्या सवयीनं त्या होतात.

मराठीत क्रियापद कधी कर्त्याचं ऐकतं, कधी कर्माचं. ‘वडिलांनी जमीन विकली’, ‘वडिलांनी बैल विकले’. विकणारे वडीलच, पण क्रियापद वळलं जमिनीकडं आणि बैलांकडं. शाळेत याला कर्मणी प्रयोग म्हणायचे. ‘शिपायानं चोरांना पकडलं’ यात तर ते कुणाचंच ऐकत नाही. इंग्रजीत असा घोळ नाही. क्रियापद फक्त कर्त्याकडं बघतं, तेही मुख्यतः वर्तमानकाळात. जमीन असो की बैल, ‘माय फादर सोल्ड’ हे तसंच राहतं. भूतकाळात सांभाळायचं ते ‘वॉज’ आणि ‘वेअर’ एवढंच.

आमच्याकडं सगळ्यांत जास्त येणारी चूक म्हणजे ‘माय फादर आर अ फार्मर’. ‘वडील शेतकरी आहेत’ याचं हे सरळ रूप. दुरुस्त करून दिलं तर एक काका म्हणाले, “वडिलांना ‘इज’ कसं काय लावायलात?” काकांचं चुकलं नाही, आपल्याकडं मान अनेकवचनातच आहे. पण इंग्रजीत आदरार्थी बहुवचन नाही. वडील, कलेक्टर, राष्ट्रपती, सगळ्यांना ‘इज’. उलट ‘यू’ला कायम ‘आर’, मग समोर शेंबडा नातू का असेना. पूर्वी एकट्याला म्हणायला ‘दाउ’ असा वेगळा शब्द होता. तो रोजच्या बोलण्यातून गेला आणि अनेकवचनी ‘यू’च सगळ्यांना उरलं.

दुसरी चूक आमच्याच हातून झाली आहे. ‘द लिस्ट ऑफ बेनिफिशरीज आर एन्क्लोज्ड’ असं एका अहवालाच्या 40 प्रतींवर छापलं गेलं, आणि कागदाचा खर्च आम्हीच सोसला. तिथं ‘इज’ हवं होतं, कारण जोडलेली आहे ती यादी. मराठीत ‘लाभार्थ्यांची यादी जोडली आहे’ म्हणताना ‘यादी’ क्रियापदाला खेटून बसते, त्यामुळं चुकायची सोयच नाही. इंग्रजीत यादी पुढं निघून जाते आणि क्रियापदाच्या शेजारी लाभार्थी येऊन बसतात. म्हणून ‘ऑफ’ दिसला की त्याच्या आधीचा शब्द बघा. ‘वन ऑफ द मेंबर्स हॅज साइन्ड’ यातही सही एकानंच केली आहे.

‘अलाँग विथ’चं तसंच. ‘अध्यक्षांसह सर्व सदस्य उपस्थित होते’ हे मराठीत छान वाटतं. इंग्रजीत मात्र ‘द प्रेसिडेंट, अलाँग विथ ऑल द मेंबर्स, वॉज प्रेझेंट’. बरोबर आहे, पण कानाला खटकतं. आम्ही सरळ ‘अँड’ घालून ‘वेअर’ करायला सुचवतो.

‘आयदर-ऑर’ आणि ‘नायदर-नॉर’ यांत मात्र मराठी कान कामाला येतो. ‘एक मुलगा आणि दोन मुली आल्या’ म्हणताना आपण जवळच्या मुलींकडं बघतो ना? इथं इंग्रजीही जवळच्याकडंच बघते: ‘नायदर द सेक्रेटरी नॉर द मेंबर्स वेअर प्रेझेंट’. ‘अँड’च्या वेळी हा कान बंद ठेवा, तिथं दोघं मिळून अनेकवचन होतं.

काही शब्दांचं वचनच दोन्हीकडं वेगळं आहे. आपले ‘पैसे’ आणि ‘बातम्या’ अनेक, पण ‘मनी’ आणि ‘न्यूज’ला ‘इज’. डोक्यावरच्या सगळ्या केसांनाही ‘हेअर इज’. उलट आपला चष्मा एक, कात्री एक, तर त्यांचे ‘स्पेक्टॅकल्स’ आणि ‘सिझर्स’ला ‘आर’. ‘पोलीस’लाही ‘आर’. रक्कम एकगठ्ठा असेल तर ‘फिफ्टी थाउजंड रुपीज इज’.

‘कमिटी’ आणि ‘टीम’ला इंग्लंडात दोन्ही चालतं, अमेरिकेत सहसा ‘इज’. क्रिकेटच्या बातम्यांत ‘इंडिया आर’ दिसतं ते त्यामुळंच. अहवालात आम्ही ‘इज’ लावतो आणि शेवटच्या पानापर्यंत तेच ठेवतो. पहिल्या पानावर ‘इज’ आणि तिसऱ्यावर ‘आर’ हे वाईट दिसतं.

राहिला ‘एस’. नामाला लागला की अनेकवचन, क्रियापदाला लागला की एकवचन: ‘बॉय रन्स’, ‘बॉईज रन’. दोन्हीकडं ‘एस’ दिसला तर एकदा थांबून बघा. ‘डज’, ‘कॅन’, ‘विल’ आले की मूळ क्रियापदाला ‘एस’ नको. ‘ही कॅन स्पीक्स इंग्लिश’ असं लिहिलेला बायोडाटा स्वतःच्याच विरोधात साक्ष देतो.

मजकूर देताना शक्य असेल तर त्याचा मराठी कच्चा खर्डाही सोबत आणा. शंका असेल तिथं आम्ही प्रूफवर पेन्सिलनं खूण करून विचारतो, परस्पर बदलत नाही, कारण ‘इज’चं ‘आर’ केल्यानं कधी कधी अर्थही बदलतो. कोर्टाचे कागद मात्र जसे दिले तसेच टाईप होतील. दुरुस्तीचे वेगळे पैसे नाहीत, पण प्रूफवर सही केल्यानंतर सापडलेल्या चुकीसाठी नवीन प्रिंटचे पैसे पडतील.